सडकेचा कायदा आणि पायीं चालणारा

गोंदिया जिल्ह्यांत सडक अर्जुनी नांवाचें गांव आहे. गांवाच्या नांवांतच सडक यावी, इतका तिचा महिमा. नागपुराहून रायपुराकडे जाणारा जो मार्ग इंग्रजी अमदानींत ग्रेट ईस्टर्न रोड म्हणून प्रसिद्ध होता, तोच आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ होय. परंतु या सडकेवर पायीं चालणाऱ्याचें स्थान कोणतें, हा प्रश्न आमच्या कायद्यानें फार उशिरां विचारला, असें आम्हांस वाटतें.

मोटारींविषयीं सर्व हिंदुस्थानास लागू होणारा पहिला कायदा १९१४ सालचा. त्याचा भर गाडीची नोंदणी व हांकणाराचा परवाना यांवर होता. १९२७ सालीं बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्ते-समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींमुळें १९२९ सालीं मध्यवर्ती रस्ता-निधि उभा राहिला. पुढें १९४३ सालीं नागपुरास भरलेल्या मुख्य इंजिनिअरांच्या परिषदेनें असें ध्येय ठेविलें कीं, शेतीनें संपन्न अशा मुलुखांतील कोणतेंही गांव मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर नसावें. ध्येय उदात्त खरें. पण मोजमाप होतें तें अंतराचें, त्या अंतरावरून चालणाऱ्याच्या सुखरूपतेचें नव्हे.

१९३९ च्या कायद्यानें त्रयस्थास होणाऱ्या इजेचा विमा सक्तीचा केला व ही तरतूद १९४६ पासून अमलांत आली. पादचाऱ्यास यामुळें मोठाच आधार मिळाला. तथापि तो मिळाला धक्का बसल्यानंतर. पादचारी व बिनयंत्राचीं वाहनें यांच्या वाहतुकीसाठीं नियम करण्याचा स्पष्ट अधिकार राज्यांस २०१९ च्या दुरुस्तीनें दिला. म्हणजे पहिल्या कायद्यानंतर तब्बल १०५ वर्षांनीं!

या विलंबाची किंमत लहान नाहीं. २०२२ सालीं देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं; त्यांत शेंकडा १९.५ पायीं चालणारीं व शेंकडा ४४.५ दुचाकीवरील होतीं. खुद्द सडक अर्जुनी तालुक्यांत, गोंदिया-कोहमारा मार्गावर, २९ नोव्हेंबर २०२४ रोजीं राज्य परिवहनाची बस उलटून अकरा जण प्राणांस मुकले. समोर आलेल्या दुचाकीस वांचवितांना बसवरील ताबा सुटला, असें त्या वेळच्या वृत्तांत आलें होतें. सडकेवर एकाचा जीव दुसऱ्याच्या हातीं कसा असतो, याचें याहून दुःखद उदाहरण कोणतें?

कोणी म्हणेल, पादचाऱ्यानेंही जपून चालावें. अवश्य. पदपथ नसेल तेथें समोरून येणारीं वाहनें दिसतील अशा बाजूनें चालावें; सायकलीस मागें तांबडा दिवा असावा; धानाच्या हंगामांत रात्रीं निघणाऱ्या बैलगाडीस चकाकती पट्टी लावावी. परंतु वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति चौपट होते, आणि ती शक्ति घेऊन येतो तो वाहन हांकणारा. म्हणून सावधगिरीचा मोठा वांटा त्यानेंच उचलला पाहिजे, आणि महामार्ग ज्या गांवांतून जातो तेथें त्याचा वेग आवरण्याची तजवीज सरकारनें अपघात होण्यापूर्वींच केली पाहिजे.