गारवा कोणासाठी?

सोलापुरात 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीचा वारसा आज अक्कलकोट रोड एमआयडीसीतील चादरी-टॉवेलांचे माग चालवीत आहेत. कोरड्या हवेत सूत तुटते, हे तेथे कोणाला शिकवावे लागत नाही. वातानुकूलनाचा इतिहासही अशाच अडचणींतून घडला. 1902 मध्ये विलिस कॅरियर याने ब्रुकलिनच्या छापखान्यातील कागदासाठी हवेतला दमटपणा आवरला. 1906 मध्ये स्टुअर्ट क्रेमर याने सूतगिरण्यांच्या संदर्भात ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द योजला. माणसाचा गारवा नंतरचा. मोटारीत तो पॅकार्ड कंपनीने 1939 साली आणला.

विजेच्या मोटारीने हा इतिहास पुन्हा मूळपदावर आणला आहे. अनेक गाड्यांत एकच कॉम्प्रेसर प्रवासी आणि बॅटरी या दोहोंना थंड ठेवतो. बॅटरी फार तापली, की प्रवाशांच्या वाट्याचा गारवा कमी होतो. अशा वेळी ‘गॅस संपला’ हे जुने निदान फसते. शिवाय हा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नव्हे, उच्चदाबाच्या विजेवर चालतो. त्यात वीजरोधक तेलच लागते; भलते तेल गेल्यास वीजगळतीचा दोष उद्भवून गाडी बंद पडू शकते. प्रशिक्षित कारागीर आधी वीजपुरवठा तोडतो, मगच हात घालतो. निदानाचा आरंभ मात्र एकाच प्रश्नाने व्हावा: गारवा कोणासाठी खर्च होतो आहे?