दरीतल्या गावाची हवा

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे दिल्ली येते, फार तर मुंबई किंवा चंद्रपूर. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा भरही शहरांवरच आहे, आणि ते समजण्यासारखे आहे. पण डोंगराच्या कुशीतल्या तालुक्याच्या गावालाही स्वतःची हवा असते. तिचा अभ्यास करणे एका अर्थी सोपे, कारण धूर कुठून निघाला आणि कुठे गेला, हे तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसते. वाचकांनी या विषयाकडे वळावे, म्हणून हे चार शब्द.

वाईचे उदाहरण घेऊ. मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावात उभे राहिले, तिथून एका ज्ञानशाखेची ओळख करून देताना मनाला समाधान वाटते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर. पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. पांडवगड, वैराटगड, सोनजाई अशा डोंगरांमध्ये कृष्णाकाठी वसलेले हे गाव म्हणजे जणू वाटीचा तळ.

एरवी उंची वाढेल तशी हवा थंड होत जाते, किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी. हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री मात्र जमीन झपाट्याने निवते. उतारांवरची हवा गार आणि जड होऊन खाली ओघळते, तळाशी साचते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. यालाच तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट परसातली आहे. पहाटे कुणाकडे पाण्याचा बंब पेटतो. धूर सरळ वर चढतो, माडीच्या जरा वर गेला की अडखळतो आणि छताला टेकल्यासारखा आडवा पसरत जातो. नऊ-दहाला ऊन जमिनीत मुरले की तळची हवा उठू लागते आणि झाकण विरते. बंब तोच, लाकडेही तीच; पण पहाटेचा धूर गावातच घुटमळतो आणि दुपारचा वर निघून जातो. धूर किती सोडला याइतकेच त्याला पसरायला किती जागा मिळाली, हेही पाहावे लागते. माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे.

ही जागा ऋतूंप्रमाणे बदलते. उन्हाळी दुपारी ती सर्वांत मोठी असते. पण धूळही तेव्हाच उडते, आणि डोंगरावरच्या वाळल्या गवताला वणवा लागला की काळी राख अंगणात येऊन पडते. पावसाळा हवा धुऊन काढतो. खरा अवघड काळ दिवाळीनंतरचा. पाऊस संपलेला, वारा पडलेला, रात्री लांबलेल्या; त्यातच शेकोट्या, वीटभट्ट्या आणि ऊस तुटल्यावर फडात पेटवलेले पाचट.

आकड्यांकडे यानंतर वळावे. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांसाठी भारतात चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. दोन्ही आकडे दिवसभराच्या सरासरीचे, आणि दरीतली पहाट त्या सरासरीत सहज दडून जाते. म्हणून तुम्ही तासातासाच्या नोंदी पाहा. स्वस्तातले मापक यंत्र वापरणार असाल, तर धुक्याच्या सकाळी जपून. अशी यंत्रे पाण्याच्या थेंबांनाही धूलिकण समजतात.

सुरुवात मार्गशीर्षात करा. उजाडायच्या आत पसरणीच्या घाटातल्या एखाद्या वळणावर थांबा आणि खाली पाहा. गावावर पांढुरका थर असेल. त्यातून ढोल्या गणपतीच्या देवळाचे शिखर किती वाजता दिसू लागले आणि नदीचे पात्र किती वाजता, तेवढे वहीत टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वळणावर या.