बुडबुड्यांवर कोणाचाच विश्वास बसेना : टायटॅनियम डायऑक्साइडचा इतिहास

१/ वर्ष १९६७. टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हा पंचविशीतला संशोधक विद्यार्थी रूटाइलचा एक स्फटिक पाण्याच्या द्रावणात बुडवतो. तारेच्या दुसऱ्या टोकाला प्लॅटिनम आहे. झेनॉन दिव्याचा झोत स्फटिकावर पडताच त्याच्या पृष्ठभागावर बुडबुडे उमटू लागतात. दिवा मालवला की ते थांबतात.

२/ रूटाइल म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचे एक रूप. कृत्रिम रूटाइल १९४०च्या दशकाच्या अखेरीस हिऱ्याचा स्वस्त पर्याय म्हणून बाजारात आले होते. त्याची चमक हिऱ्याहून भडक, पण पिवळसर झाक लपत नसे. दागिन्यांत फिके ठरलेले हे द्रव्य प्रयोगशाळेत मात्र टिकाऊ निघाले. झिंक ऑक्साइडचा इलेक्ट्रोड प्रकाशात हळूहळू द्रावणात विरघळून जाई. रूटाइल जसेच्या तसे राहिले. याचा अर्थ बुडबुडे स्फटिक झिजल्यामुळे येत नव्हते. तो वायू पाण्यातून निघालेला ऑक्सिजन होता.

३/ फुजिशिमा आणि त्यांचे मार्गदर्शक केनइची होंडा यांनी हे जपानी विद्वानांपुढे मांडले, तेव्हा स्वागत थंड झाले. पाणी फोडायचे तर किमान १.२३ व्होल्ट हवेत, हा विद्युतरसायनशास्त्राचा पहिला धडा. येथे तर त्याहून कितीतरी कमी विभवावर ऑक्सिजन निघत होता. नियम मोडणारा विद्यार्थी दिसला की शंका विद्यार्थ्यावरच घेतली जाते. वस्तुतः नियम मोडलाच नव्हता. ऊर्जेची उरलेली बाजू प्रकाश भरून काढत होता.

४/ ती कशी? अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन एका ऊर्जापट्ट्यात बांधलेले असतात. रूटाइलमध्ये त्यांना वरच्या पट्ट्यात जाण्यासाठी सुमारे ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि ते मुख्यतः अतिनील किरणच देऊ शकतात. इलेक्ट्रॉन वर गेला की खाली एक रिकामी जागा, म्हणजे ‘पोकळी’ उरते. ही पोकळी पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावते, म्हणून ऑक्सिजन. वर गेलेला इलेक्ट्रॉन तारेतून प्लॅटिनमकडे जातो, म्हणून तेथे हायड्रोजन.

५/ पण इलेक्ट्रॉन पुन्हा त्या पोकळीत पडला तर? मग रसायन घडतच नाही. ती ऊर्जा उष्णता होऊन विरते किंवा प्रकाश होऊन बाहेर पडते. झिंक ऑक्साइडची हिरवट-निळी दीप्ती याच कुळातली. जुन्या कॅल्क्युलेटरांच्या चकाकत्या आकड्यांत तीच होती. दीप्ती आणि उत्प्रेरण ही एकाच इलेक्ट्रॉनसाठी स्पर्धा करणारी भावंडे आहेत. म्हणूनच संशोधक आजही नव्या चूर्णाची दीप्ती मोजून किती इलेक्ट्रॉन वाया जात आहेत याचा अंदाज घेतात.

६/ हे सारे अचानक आकाशातून पडले, असेही नव्हे. १९२१ मध्ये कार्ल रेन्झ यांनी ग्लिसरॉलसारख्या पदार्थांच्या सान्निध्यात हे ऑक्साइड उन्हात काळवंडते, असे नोंदवले होते. १९३८ मध्ये लंडनमध्ये गुडीव्ह आणि किचनर यांनी त्याच्यामुळे रंग विटतात हे अभ्यासले. रंगनिर्मात्यांना तर हा छळच होता : पांढऱ्या रंगाच्या भिंती काही वर्षांत हाताला खडूसारखी भुकटी लावत. त्यांनी कणांवर सिलिका आणि ॲल्युमिनाचा लेप देऊन हा गुण दाबून टाकला. ज्याला रंगवाल्यांनी खोड मानले, तीच होंडा-फुजिशिमांना हवी होती. (ज्या इल्मेनाइटपासून हे ऑक्साइड मिळवतात, ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आहे.)

७/ ७ जुलै १९७२. ‘नेचर’मध्ये दोघांचा अवघ्या दोन पानांचा लेख आला. पुढच्याच वर्षी तेलसंकट कोसळले आणि सूर्य व पाणी यांपासून इंधन हे शब्द जगाला एकाएकी महत्त्वाचे वाटू लागले. १९७४ च्या नववर्षदिनी ‘असाही शिंबुन’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

८/ मग फुजिशिमांनी टायटॅनियमचा पत्रा तापवून त्यावर ऑक्साइडचा थर चढवला आणि तो उन्हात ठेवला. १ चौरस मीटरमधून ऐन उन्हाळ्यातील एका दिवसात ७ लिटर हायड्रोजन मिळाला. कार्यक्षमता सुमारे ०.३ टक्के! सूर्यप्रकाशात अतिनील भागच जेमतेम ३ ते ५ टक्के. बाकीचा प्रकाश या द्रव्याला दिसतच नाही. इंधनाचे स्वप्न तेथेच अडले.

९/ सुटका झाली ती प्रश्न लहान केल्यामुळे. नगर उजळणारे इंधन नको. भिंतीवरचे जंतू आणि तेलकट डाग पुरेत. त्यांचा थर इतका पातळ असतो की खोलीतला अल्पसा अतिनील प्रकाशही भागतो. येथे नॅनोकण कामी आले : विशीतल्या नॅनोमीटरच्या कणांचे १ ग्रॅम चूर्ण सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभाग देते, आणि आत जन्मलेल्या पोकळीला पृष्ठभाग गाठण्यासाठी फारच थोडे अंतर कापावे लागते. १९९०च्या दशकात काझुहितो हाशिमोतो आणि फुजिशिमा यांनी टोटो या जपानी कंपनीबरोबर अशा लेपाच्या फरशा घडवल्या; त्या रुग्णालयांच्या भिंतींवर लागल्या.

१०/ त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत १९९५ मध्ये आणखी एक गंमत योगायोगाने आढळली. प्रकाश पडलेल्या लेपावर पाण्याचे थेंब बनतच नाहीत, ते सपाट पसरतात. मळ त्यांच्याखालून सुटून वाहून जातो. २००१ मध्ये पिलकिंग्टनने स्वतः स्वच्छ होणारी काच विकायला काढली, आणि २००३ मध्ये रोमच्या उपनगरात रिचर्ड मायर यांचे तीन पांढऱ्या पाकळ्यांचे चर्च उभे राहिले; त्याच्या सिमेंटमध्ये हेच ऑक्साइड मिसळलेले आहे.