रामकुंडावरची एक सही

देवळाली कँपांत राहणाऱ्यास जुन्या गोऱ्या पलटणींची आठवण अजूनही पदोपदीं होते. येथें सैन्याचा तळ पडला तो इ. स. १८६१ मध्यें. विलायतेहून आलेले शिपाई प्रथम येथें उतरत, आणि मुदत संपलेले परतीच्या जहाजाची वाट पाहात येथेंच पडून राहात. जहाजें हिवाळ्यांत सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडीं संपे, त्यास महिनेच्या महिने रिकामे काढावे लागत. अशा रिकामपणानें डोकें फिरलेल्या माणसाला इंग्रज शिपायांच्या बोलींत 'डूलाली' म्हणूं लागले. वेडाला आपलें नांव देण्याचा मान फार थोड्या गांवांस मिळाला असेल!

कांहीं वर्षांपूर्वीं एक वृद्ध इंग्रज गृहस्थ आपल्या पणजोबांचा माग काढीत येथें आले होते. पणजोबा साधे शिपाई. परंतु मुंबई इलाख्यांतील ख्रिस्ती बाप्तिस्मे, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला धाडण्याची वहिवाट होती. इ. स. १७०९ पासूनच्या अशा नकला इंडिया ऑफिसच्या दप्तराबरोबर आज तेथील ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्यांतून त्या शिपायाचें वय, पलटण, विवाहाची तारीख, सर्व कांहीं निघालें होतें. वधूच्या रकान्यांत मात्र बाप्तिस्म्याच्या वेळीं ठेवलेलें एक ख्रिस्ती नांव, आणि बापाच्या नांवाची जागा कोरी. गोऱ्या शिपायांशीं लग्न लागलेल्या एतद्देशीय स्त्रियांच्या नोंदी पुष्कळदां अशाच आढळतात. ती कोठली, कोणाची, हें लिहून घेण्याची गरज कोणास वाटली नव्हती. जातांना त्या गृहस्थांनीं सहज विचारलें, "तुमच्याकडेही अशीं दप्तरें असतीलच?" आम्हीं मोठ्या ऐटीनें 'होय' म्हटलें. रामकुंड तासाभराच्या वाटेवर असून तेथील आमच्या तीर्थोपाध्यायांची वही आम्हीं जन्मांत पाहिली नव्हती, हें मात्र सांगितलें नाहीं.

आमच्या घरांत परंपरेनें चालत आलेली कथा अशी, कीं मूळ पुरुष ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर पडले. महाराष्ट्रांतील किती घराण्यांत ही कथा आहे याची गणती करवत नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत आमच्या इनामाची एक कैफियत मिळाली. इ. स. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनचे अधिकार वाढले, तेव्हां इनामदारांस आपापल्या वंशावळी पुढें कराव्या लागल्या. आज ज्यांस आपण 'घराण्याचे जुने कागद' म्हणतों, त्यांतील बरेचसे या धाकांतून जन्मले आहेत. जमीन राखण्यासाठीं लिहिलेल्या कागदांत वारसच यावयाचे. कैफियतींत चार पिढ्यांचे पुरुष ओळीनें होते. बाई एकही नव्हती.

मग एके दिवशीं रामकुंडावर गेलों. उपाध्यायांनीं मूळ गांव विचारलें, आडनांव विचारलें, आणि लाल बासनांतून एक लांबट वही काढली. या वह्यांची रीत अशी, कीं यात्रेकरूनें स्वतःच्या हातानें लिहावें: आपण कोण, वडील कोण, बरोबर कोण आलें, कशासाठीं आलें, खालीं मिती आणि सही. मोडी वाचण्याचा थोडा सराव होता म्हणून निभावलें. शके १६९५ ची, म्हणजे इ. स. १७७३ ची, एक सही निघाली. नांव मूळ पुरुषाचें! पानिपतावर पडलेला मनुष्य बारा वर्षांनीं गोदावरीवर सही करतो, याला काय म्हणावें?

वडील मंडळींनीं तात्काळ तोड काढली: ती सही नातवाची. ही शंका पोकळ नव्हे. नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची आपली चाल वंशावळी करणाऱ्यास फार घोटाळ्यांत घालते. समजा, आजोबा रामचंद्र बल्लाळ. मुलगा बल्लाळ रामचंद्र. तर नातू पुन्हां रामचंद्र बल्लाळ. नांव तेंच, बापाचें नांव तेंच, आडनांव अर्थातच तें. मिती फाटली असेल तर मनुष्य चाळीस-पन्नास वर्षें मागें-पुढें सरकतो, आणि मिती शाबूत असली तरी आमच्यासारखा पेंच पडतो. कारण नातू तेव्हां सतराअठरा वर्षांचा असूं शकत होता. पुरुषांचीं नांवें कितीही वेळां वाचलीं तरी यांतून वाट निघेना.

ती निघाली त्याच मजकुराच्या दुसऱ्या ओळींत. सही करणारा आला होता तो मातोश्रींच्या अस्थी घेऊन, आणि मातोश्रींचें नांव त्यानें लिहिलें होतें. वही मागें चाळतां शके १६६८ ची, इ. स. १७४६ ची, याच नांवाची सही सांपडली. तींत आई, पत्नी आणि मुलगा यांचीं नांवें होतीं. आईचें नांव तेंच, पत्नीचें निराळें. १७७३ मध्यें जो आपल्या आईच्या अस्थी घेऊन आला, तो १७४६ मध्यें तिला यात्रेस घेऊन आलेलाच मनुष्य होय. नातवाची आई त्या बाईची नातसून असावयाची. तेव्हां मूळ पुरुष पानिपताहून, किंवा जेथें असतील तेथून, जिवंत परतले होते.

घरांत हा शोध रुचला नाहीं. एका वयोवृद्ध काकांनीं तर आम्हीं जणूं आजच त्यांना मारलें अशा सुरांत विचारलें, "मग पडलें कोण?" जिवंत परतण्यांत लाज कसली, हें आम्हांस उमगलें नाहीं. नाना फडणीसही त्या दिवशीं निसटून परत आले होते, आणि त्यांनीं तें आत्मचरित्रांत लिहूनही ठेवलें; त्यांच्या मातोश्री मात्र त्या धांदलींतून परतल्या नाहींत. आमच्या मूळ पुरुषाची म्हातारी निदान लेकाच्या हातून गोदावरीस पोंचली. काकांस हें सांगून पाहिलें. ते कांहीं बोलले नाहींत; परंतु त्या वर्षीं पितृपक्षांत त्यांनीं त्या बाईचें नांव आमच्याकडून चिठीवर लिहून घेतलें.

वंशवृक्षाचा तक्ता आतां आम्हीं नव्यानें लिहिला आहे. मूळ पुरुषाच्या शेजारीं त्यांच्या आईचें व पत्नीचें अशीं दोन्ही नांवें घातलीं आहेत. माहेरच्या आडनांवासाठीं सोडलेल्या जागा मात्र कोऱ्याच राहिल्या. तीं त्या वहींतही नाहींत.