बोरिवली सापडत नाही? मग ठाण्यात शोधा

संशोधनाचा विषय ठरला की आपण गावाचं आजचं नाव टाइप करतो आणि शोध सुरू करतो. मुंबईच्या उपनगरांबाबत इथेच गाडं अडतं. १९०९-१० मधल्या मुंबई गॅझेटियरचे तिन्ही खंड आज ऑनलाइन फुकट वाचता येतात. त्यात बोरिवली किंवा मुलुंडबद्दल फारसं हाती लागत नाही, कारण तो ग्रंथ मुंबई शहर आणि बेटापुरताच आहे.

तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यात होता. उपनगर जिल्हा झाला १९२० मध्ये. अंधेरी-घाटकोपर महापालिकेच्या हद्दीत आले १९५० मध्ये, बोरिवली-मुलुंड १९५७ मध्ये. म्हणजे उघडायचं ते १८८२ चं ठाणे गॅझेटियर. त्याच्या चौदाव्या खंडात स्थळांची वर्णनं आहेत आणि कान्हेरीवर भरपूर मजकूर आहे.

आता कान्हेरीचंच बघा. तिथल्या प्राकृत शिलालेखांत डोंगराचं नाव आहे कण्हसेल, म्हणजे काळा डोंगर. हा डोंगर बेसॉल्टचा, त्यामुळे नाव चपखल बसतं. संस्कृतात तेच कृष्णगिरी. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात केनेरी, कनारी अशी रूपं भेटतात. एकाच नावाने शोधलंत तर बाकीची कपाटं बंदच राहतात.

निसर्गाच्या नोंदींचंही तसंच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल १८८६ पासून निघतंय आणि त्याचे बरेच जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत आहेत. आपली कारवी शास्त्रीय भाषेत स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. पण १९४४ मध्ये ब्रेमेकँपने तिला कार्विया या वेगळ्या प्रजातीत टाकलं, म्हणून नंतरच्या बऱ्याच पुस्तकांत ती त्या नावाने येते. दोन्ही नावं शोधली नाहीत, तर आठ वर्षांनी फुलणाऱ्या झाडाच्या नोंदी अर्ध्याच हाती येतील.

आणखी एक अडचण आहे. ठाणे गॅझेटियरमध्ये देशी नावांतल्या रोमन स्वरांवर उच्चारखुणा छापल्या आहेत. स्कॅनमधून मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर तिथे हमखास गोंधळतं. शब्द पानावर असतो, पण शोधात येत नाही. म्हणून सूची उघडा आणि पानं डोळ्यांनी चाळा.

शोध सुरू करण्याआधी वहीत एक साधा तक्ता करा: काळ, त्या काळातला जिल्हा, जागेची सगळी नावं, जीवांची जुनी शास्त्रीय नावं. तासाभराचं काम आहे. ते न करता प्रबंधात ‘या भागाविषयी पूर्वीच्या नोंदी आढळत नाहीत’ असं लिहिलं, तर पुढचा संशोधक तेच वाक्य उचलतो. मग उपनगरांना इतिहासच नाही, लोकलगाड्या आल्या आणि वस्ती झाली, असा समज पक्का होतो. ज्या जागेला इतिहास नाही असं कागदावर ठरतं, तिच्यासाठी उद्या कोण भांडणार?