जिमी हेंड्रिक्स पहिल्यांदाच ऐकताय? मग त्या ढिगातले 'त्याचे' अल्बम आधी ओळखा

रील बघता बघता स्टेजवर गिटार पेटवणारा माणूस दिसतो. नाव जिमी हेंड्रिक्स. उत्सुकता म्हणून म्युझिक ॲपवर नाव टाकावं, तर समोर अल्बमचा हा ढीग! सुरुवात करायची कुठून?

गंमत म्हणजे हेंड्रिक्स जिवंत असताना त्याचे स्टुडिओ अल्बम आले फक्त तीन. तेही मे १९६७ ते ऑक्टोबर १९६८ या जेमतेम दीड वर्षात. १८ सप्टेंबर १९७० रोजी वयाच्या २७ व्या वर्षी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. ॲपवर दिसतं त्यातलं बरंचसं त्यानंतर इतरांनी टेपा जुळवून काढलेलं आहे. त्यामुळे ॲप जे सगळ्यात वर दाखवेल ते ऐकू नका.

पहिला 'आर यू एक्स्पीरियन्स्ड'. याच्या मूळ ब्रिटिश रेकॉर्डवर 'पर्पल हेझ' आणि 'हे जो' ही गाजलेली गाणी नव्हतीच, ती सिंगल म्हणून वेगळी निघाली होती. अमेरिकेत ती घातली, पण 'रेड हाऊस' हा अस्सल ब्लूज काढून टाकला. हल्ली ॲपवर बहुतेक वेळा दोन्हींची गाणी एकत्र मिळतात. शीर्षकगीत ऐकताना काहीतरी विचित्र वाटलं तर ॲप बिघडलेलं नाही, तिथे टेप उलटी वाजवली आहे.

दुसरा 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह', डिसेंबर १९६७ चा. कव्हर बघून तुम्ही थबकणार. वाण्याच्या कॅलेंडरवर असतं तसं विष्णूचं विश्वरूपदर्शन, आणि मधोमध हेंड्रिक्स व त्याचे दोन साथीदार! हे चित्र त्याने निवडलेलं नव्हतं आणि त्याला ते फारसं पटलंही नाही. आपल्या घराण्यात चेरोकी रक्त आहे असं तो सांगायचा, म्हणजे त्याचं 'इंडियन' असणं अमेरिकेतलं. या अल्बमच्या एका बाजूची तयार टेप तो लंडनच्या टॅक्सीत विसरला होता. ती मिळाली नाही म्हणून अख्खी बाजू घाईघाईत एका रात्रीत पुन्हा मिक्स करावी लागली. हा अल्बम हेडफोन लावूनच ऐका. शेवटच्या गाण्यात गिटार या कानातून त्या कानात फिरते, फोनच्या स्पीकरवर ते कळणारच नाही. आणि 'लिटल विंग' अडीच मिनिटांत संपतं तेव्हा चुटपुट लागते. मी ते लागोपाठ चार वेळा लावलं होतं.

तिसरा 'इलेक्ट्रिक लेडीलँड' हा डबल अल्बम. खरं सांगायचं तर पहिल्या फटक्यात तो जड जातो. इथे जवळजवळ सारख्या नावाची दोन गाणी आहेत. 'वूडू चाइल' पंधरा मिनिटांचं संथ जॅमिंग, तर अल्बमच्या शेवटी येणारं 'वूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)' म्हणजे वाह-वाह पेडलवरचा तो प्रसिद्ध दणका. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' मुळात बॉब डिलनचं. डिलनचं आधी ऐका, मग हे. पुढे खुद्द डिलनही ते हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवू लागला.

यानंतर 'बँड ऑफ जिप्सीज' हा लाइव्ह अल्बम, तोही त्याच्या हयातीतलाच. १ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये रेकॉर्ड झालेला. त्यातल्या 'मशीन गन'साठी बारा मिनिटं वेगळी काढा. व्हिएतनाम युद्ध चालू होतं, आणि हेंड्रिक्स स्वतः सैन्यात पॅराट्रूपर होता. गोळ्यांचा आवाज तो गिटारमधून काढतो. ट्रॅफिकमध्ये ऐकायची ही गोष्ट नाही.

मृत्यूनंतरच्या अल्बमचं काय? १९७५ च्या 'क्रॅश लँडिंग'मध्ये निर्मात्याने मूळ साथीदारांचं वादन काढून दुसऱ्याच वादकांकडून ते नव्याने वाजवून घेतलं. चाहते आजही त्यावर चिडतात, आणि ते बरोबरच आहे. १९९५ मध्ये संगीताचे हक्क त्याच्या वडिलांकडे आले. त्यानंतर, १९९७ मध्ये आलेल्या 'फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन'मध्ये त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या चौथ्या अल्बमची गाणी एकत्र केली आहेत. तीन अल्बम संपल्यावर तो लावा.