उचलीची वही

निजामाच्या राज्यात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. १९३० च्या दशकात तिथल्या योगेश्वरी शाळेत एक संन्यासी हेडमास्तर होऊन आला. हेच स्वामी रामानंद तीर्थ पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही १७ सप्टेंबरची भाषणं ऐकून ऐकून पाठ आहे. पण भगवी वस्त्रं घालण्याआधी हाच माणूस ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत होता, हे त्या भाषणांत येत नाही. जोशींनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. तिनं गिरणगावात रात्रशाळा चालवल्या, मोफत वाचनालयं उघडली, फिरती ग्रंथालयं काढली. जोशींचाही हात असलेली पहिली देशव्यापी कामगार संघटना, आयटक, उभी राहिली ती १९२० साली. म्हणजे जोशींच्या कामात आधी पुस्तक, मग युनियन. मला हा क्रम आवडतो. ग्रंथपालाला आवडणारच म्हणा.

मी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात ‘ड’ वर्गाचं वाचनालय सांभाळते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी अ ते ड अशा पायऱ्या केल्या, त्यातली शेवटची आमची. कथा-कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षा आणि देवाधर्माची पुस्तकं सगळीकडं असतात तशी इथंही आहेत. त्यांच्या शेजारी मी एक कपाट फक्त कामगारांच्या इतिहासाचं केलंय. माझे आईबाप कोयता होते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादमाचा हिशोब असाच चालतो.

१९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, धनंजयराव गाडगीळ पाठीशी होते. मग नगर, सातारा, सांगली, कोल्हापूर असे कारखाने वाढत गेले. त्यांना पाणी मिळालं, आम्हाला पर्जन्यछायेचा डोंगर. १९७२ च्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला बसली आणि त्यानंतर ऊसतोडीची वाट आणखी रुंद झाली. दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की, गुढीपाडव्याच्या सुमारास, परततात. आमच्या वाचनालयाला हे गणित कुणी शिकवलं नव्हतं. वाचक वर्गणी भरून बसलेला, पुस्तक पंधरा दिवसांत परत द्यायचा नियम, आणि वाचक बेळगावकडच्या एखाद्या उसाच्या फडात.

बडोद्याच्या सयाजीरावांना हा पेच आधीच सुटला होता. त्यांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि त्याच्या काळात गावोगावी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. मी पेटीऐवजी पत्र्याची ट्रंक घेतली. टोळीतल्या शिकलेल्या पोरा-पोरीच्या नावावर पंधरा-वीस पुस्तकं, मुदत पट्टा पडेपर्यंत. परत येतात तेव्हा पानांना चुलीचा धूर लागलेला असतो, क्वचित मुखपृष्ठ गेलेलं असतं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, ‘एवढी पुस्तकं सहा महिने बाहेर?’ मी म्हटलं, वाचकही तेवढेच महिने बाहेर आहेत.

कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, सर्वांत जास्त हातांतून फिरलेलं पुस्तक म्हणजे मनोहर कदमांनी लिहिलेलं नारायण मेघाजी लोखंड्यांचं चरित्र. कारण साधं आहे. लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सूर्यास्तानंतर काम नाही. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर भरपाई. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. हे वाचून एक काका ट्रंक परत देताना मला म्हणाले, “ताई, ह्यातलं आपल्याला काय लागू झालं?” फडात सुट्टीला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे कोयत्याच्या नावावर चढतात. कारखान्याची गाडी रात्री दोनला आली तर मोळ्या रात्री दोनलाच भरायच्या. जोशी १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला गेले होते. आठ तासांचा दिवस तिथंच ठरला. काकांना मी तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या हंगामाला तेच पुस्तक पुन्हा नेलं.

काकांचा प्रश्न मात्र माझ्या कपाटालाही लागू होता. मराठीत कामगारांचा इतिहास म्हटलं की गिरणी येते: लालबाग, परळ, १९८२ चा संप. उसाच्या फडाचा कागद कुठंय? कारखान्याच्या हिशोबात टन असतात, माणसं नसतात. माणसं असतात ती मुकादमाच्या वहीत. जुन्या लांबोड्या वह्या, लाल कापडी पुठ्ठा, कोयत्यागणिक एक पान: उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, किती, किराणा किती, खाडे किती, फिटलं किती, फिरलं किती. फिरलं म्हणजे पुढच्या हंगामावर गेलं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. फिरलेले आकडे त्यानंतरच्या वह्यांतही आहेत. गावातल्या दोघा-तिघा म्हाताऱ्या मुकादमांकडून मी अशा वह्या मागून आणल्या. एकानं ताकीद दिली, वही घरी न्यायला कुणाला द्यायची नाही. मी रजिस्टरात ‘संदर्भ’ असा शिक्का मारला. आमच्या वाचनालयातली घरी न मिळणारी पुस्तकं तेवढीच.

त्या वह्यांत माझ्या वडिलांचं पान सापडलं. उचल, सही, अंगठा, सगळं वडिलांचं. आई कुठंच नाही. ती कोयत्यात अर्धी होती, मोळी तिच्या डोक्यावर होती, पण पान एकाच नावाचं. सगळ्या वह्यांत हेच. सरकारनं बायकांची मोजदाद केली ती फार उशिरा आणि फार वाईट कारणानं. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा बोभाटा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण प्रत्येक कोपीला ठाऊक होतं. अहवाल मी छापून कपाटात ठेवलाय. बायका तो नेत नाहीत, उभ्या उभ्या चाळतात.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, त्या बातमीची कात्रणंही फायलीत आहेत. वाढीव दराचा हिशोब कोयत्यामागं होणार, बायकोच्या हातात वेगळा पैसा पडणार नाही. म्हणून मी वह्यांशेजारी एक कोरी वही ठेवली. नागपंचमीला माहेरी आलेल्या लेकी, श्रावणात घरी असलेल्या म्हाताऱ्या येऊन सांगतात, मी लिहून घेते: नाव, माहेर, कुठला कारखाना, कुठलं साल, गाडी सेंटर (बैलगाडीनं ऊस वाहणारं) की डोकी सेंटर (डोक्यावर मोळ्या वाहणारं), किती लेकरं कोपीत झाली. कुणी साल सांगते ते ‘धाकट्याच्या वेळी’ असं. मग धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावरून हिशोब लावावा लागतो. आतापर्यंत पाऊण वही भरली आहे. हिच्यावर ‘संदर्भ’चा शिक्का मारलेला नाही. मागितली तर घरी मिळते, मुदत पट्टा पडेपर्यंत.